एक कठडा आणि अधिकृत शांतता

शांतता नुसती असून भागत नाही. ती कुणाच्या तरी अखत्यारीत असावी लागते. अखत्यारीत नसलेली शांतता म्हणजे निव्वळ आवाजाचा अभाव, आणि अभावापुढे कुणी टेबल-खुर्ची मांडत नाही. हे ओळखूनच आमच्या शहरात सागरी शांत सायकलमार्ग विभाग स्थापन झाला. मी त्याच्या मोजणी शाखेचा प्रमुख आहे. (शाखेत मी एकटाच आहे, पण प्रमुख तो प्रमुखच.)

विभागाचं कार्यालय भर बाजारात, पत्रे कापायच्या कारखान्याच्या डोक्यावर आहे. त्यामुळे शांततेची किंमत आम्हाला इतरांपेक्षा जास्त कळते. बैठकीत साहेब बोलू लागले की आम्ही त्यांच्या ओठांकडे बघून माना डोलावतो. आजवर एकाही निर्णयावर मतभेद झालेला नाही.

सुरुवात झाली ती माझ्या मावशीमुळे. शहर संपतं तिथून समुद्राच्या कडेकडेनं एक जुना रस्ता जातो. एका अंगाला उभा खडक, दुसऱ्या अंगाला खोल खाली पाणी. मोटारींनी तो कधीच सोडला होता, कारण मधले काही तुकडे समुद्रानं उचलून नेले होते आणि परत आणून दिले नव्हते. रोज संध्याकाळी तिथून फक्त मावशी-काकांची दोन सीटची सायकल जायची. घरात तिला सगळे 'लांबडी' म्हणतात. पुढे मावशी, मागे काका.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. डोळे गेले तसं दुकान गेलं, मग हळूहळू दुकानात गप्पा मारायला येणारेही गेले. राहिली ती ही फेरी. गंमत म्हणजे वाट काकाच सांगायचे. पाखरांचा कलकलाट ऐकू आला की, "चढ आला, दम धर." पुढे एका अवघड वळणाखाली खडकात मोठी पोकळी होती. तिच्यात लाट शिरली की 'धुम्म' असा आवाज घुमायचा. तो आला की काका खूश होऊन म्हणायचे, "खोकली बघ म्हातारी! ब्रेक दाब." नवरा वाट सांगतोय आणि बायको निमूट ऐकतेय, एवढ्यावरूनच रस्ता किती दुर्मिळ होता ते कळेल.

तर मावशी कार्यालयात आली आणि म्हणाली, "म्हातारीच्या वळणावर एक कठडा बांधून द्या रे. बाकी काही नको. यांनी चुकून तिकडच्या बाजूला पाय टेकला तर संपलंच."

लोकांना कठडा म्हणजे साधी गोष्ट वाटते. कठडा बांधायचा तर रस्ता यादीत असावा लागतो. आणि यादीत नसलेला धोकादायक रस्ता विभागाच्या निदर्शनास आला की नियमानुसार दोन्ही टोकांना भिंत घालून तो बंद करावा लागतो. म्हणजे मावशीनं तोंड उघडलं त्याच क्षणी काकांची फेरी बुडाली होती. मी तिला तसं समजावून सांगितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अरे मेल्या, मग मी आलेच नव्हते असं समज की!"

पण आलेल्या माणसाची नोंद मीच ठेवतो. (नोंद झाली होती.)

रस्ता वाचवायचा एकच उपाय होता: त्याला 'वाहनमुक्त शांत मार्ग' असा दर्जा मिळवून देणं. त्यासाठी अट अशी की मोटारींची वर्दळ नव्वद टक्क्यांनी घटल्याचं दाखवावं लागतं. आमची वर्दळ होती शून्य. शून्यातून नव्वद टक्के मी तीनदा घटवून पाहिले. दरवेळी शून्यच हाती आलं. साहेब माझ्याकडे असे बघू लागले की जणू गाड्या मीच कुठेतरी दडवून ठेवल्यात. शेवटी त्यांनाच सुचलं. (साहेबांना सायकल येत नाही, त्यामुळे या विषयावर ते तटस्थपणे विचार करू शकतात.) वर्दळ घटवायची तर आधी ती वाढवायला नको का?

रस्ता दुरुस्त झाला, रुंद झाला. 'मोटारींचे हार्दिक स्वागत' असा फलक लागला. महिनाभर कुत्रं फिरकलं नाही. विभागातल्या सगळ्यांनी आपापले मेहुणे, साडू, व्याही पिटाळले. ते एकेकदा जाऊन आले आणि म्हणाले, "आहे काय तिथं? नुसता समुद्र." माझ्या तोंडचं पाणी पळालं. भिंतीच्या विटा येऊन पडल्या होत्या.

तेव्हा मी फलक बदलला: 'पुढील महिन्यापासून या रस्त्यावर मोटार नेण्यास सक्त मनाई.'

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून रीघ लागली. ज्यांनी जन्मात समुद्राकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते सहकुटुंब आले. एक दंतवैद्य तर खुर्चीतल्या पेशंटला गालातल्या कापसासकट गाडीत घालून घेऊन आले. मी मोजणी केली. एक्केचाळीस टक्के लोक 'बंद व्हायच्या आत बघून घ्यावं' म्हणून आले होते. अडतीस टक्के 'एवढे सगळे का आलेत' ते बघायला आले होते. उरलेल्यांना केव्हाच परत जायचं होतं, पण गाडी वळवायला जागा मिळत नव्हती.

तो महिनाभर काका घरात बसून राहिले. "हॉर्नमध्ये म्हातारी ऐकू येत नाही," म्हणाले. मावशी मला फोनवर जे बोलली ते सरकारी भाषेत बसवता येत नाही. मी एवढंच म्हणालो, "मावशी, जरा कळ काढ. शांततेची पूर्वतयारी चालू आहे."

मग बंदी आली. वर्दळ शंभर टक्के घटली, दर्जा मिळाला, विटा परत गेल्या. भाषण करताना साहेबांचा कंठ दाटून आला. (पत्र्याच्या आवाजात ऐकू आला नाही, पण दिसला.)

आता शांत मार्ग म्हटला की शांतताप्रेमी येणार. ते येणार कशानं? मोटारीनं, टपावर सायकल बांधून. तेव्हा वाहनतळ हवा. त्या सगळ्या खडकाळ किनाऱ्यावर सपाट जागा म्हणाल तर तळहाताएवढी नाही. मात्र वळणाखाली एक प्रशस्त पोकळी निरुपयोगी पडून होती. ती दगडमाती टाकून बुजवली, वर डांबर घातलं, दोनशे गाड्यांची सोय झाली. गाड्यांना तिथवर येता यावं म्हणून शांत मार्ग वळणाच्या पुढून सुरू होतो असं दुरुस्तीपत्रक काढलं. त्यामुळे वळण आमच्या हद्दीबाहेर गेलं आणि कठड्याचा प्रश्नही निकाली निघाला.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी लांबडी पुन्हा बाहेर पडली. मीही माझ्या सायकलवरून बरोबर गेलो. वळण आलं. मावशीनं आपणहून ब्रेक दाबला. काका मान वाकडी करून बराच वेळ कानोसा घेत राहिले.

"म्हातारी गेली का गं?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. तेव्हा मीच सांगितलं, "काका, बुजवली. आता इथं अधिकृत शांतता आहे."

काकांनी पेडलवरचे पाय काढून घेतले. तिथून घरापर्यंत मावशीनं लांबडी एकटीनं ओढली. मला फार वाईट वाटलं. ते नियमात बसतं की नाही हे मी पाहिलं नाही.

मार्ग मात्र तुफान चालला आहे. शांतताप्रेमी गाडीतून उतरतात, सायकल उतरवतात, पहिल्या चढापर्यंत जातात आणि फोटो काढून परत येतात. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांचा अभिप्राय एकच: 'जागा सुंदर, पण लोक फार येतात.' उरलेले दोघं गाडी लावायला जागा शोधत होते.

मध्यंतरी मावशीकडे गेलो तर काका उन्हानं रापलेले, गुणगुणत बसलेले. लांबडीच्या चाकांना तांबडी माती. मी विचारल्यावर मावशी म्हणाली, "कुठं काय!" पण काकांच्या पोटात काही राहत नाही. "अरे, दुसरी वाट सापडली! चिटपाखरू नाही. आणि तिथली म्हातारी खोकत नाही रे, गाते!"

मावशीनं त्यांना चिमटा काढला आणि माझ्याकडे वळली. "साहेबाच्या कानावर घालशील तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. यांच्याजवळ आता तेवढंच आहे."

मी शब्द दिला आणि पाळलाही आहे. साहेबांना मी चकार शब्द बोललेलो नाही. फक्त तुम्हाला सांगितलं.

अडचण एवढीच, की नवा मार्ग हाती घ्यायला आता नवी अट आहे: ज्यांनी ती वाट अजून पाहिलेली नाही, अशा लोकांकडून मागणी आली पाहिजे. आणि आत्ताच, गाणाऱ्या म्हातारीचं वाचताना, तुमच्या मनात आलं ना, 'कुठे असेल हो ती? आम्ही काही तसले नाही. एकदाच जाऊ, आवाज न करता'?

नोंद झाली आहे. गाडी लावायची सोय होईल.