हत्तीच्या गुडघ्याएवढा कीस

एका जंगलात, मुलांनो, एक वर्कशॉप होतं. जंगलात वर्कशॉप कसं, असं ज्यांना विचारायचं असेल त्यांनी मागच्या रांगेत जाऊन बसावं. पुढच्या रांगेतल्यांनी ऐका.

तिथे रानडुक्कर लेथ चालवायचं. म्हणजे लोखंडाचा दांडा गरगर फिरवायचा आणि धारदार टूल लावून त्याची सालं काढायची. सुतारपक्षी भोकं पाडायचा. त्याला वेगळं शिकवावं लागलं नव्हतं. मुंगूस ग्राइंडरवर बसायचं आणि शेवटी जॉब, म्हणजे घडवायला घेतलेली वस्तू, घासून गुळगुळीत करायचं. या सगळ्यांचे फोरमन होते खवलेमास्तर. खवले मांजर ते. कामात चोख, स्वभावाने गरीब, आणि साहेब जरा मोठ्याने बोलले की अंगाचं वेटोळं करून बसणारे.

मास्तरांनी सगळ्यांना एकच धडा दिला होता. कापलेलं परत चिकटवता येत नाही, तेव्हा आधी मोजा, मग कापा. त्यामुळे वर्कशॉपमधून पिना, बोल्ट, चाकं नीट मापात बाहेर पडत. जंगलाचं बरं चाललं होतं. म्हणजे आता काहीतरी होणार हे तुम्ही ओळखलं असेलच.

एके दिवशी वाघमहाराज वर्कशॉप बघायला आले. सोबत त्यांचे सल्लागार कोल्हेसाहेब. मास्तरांनी पांढऱ्या फडक्यावर तयार माल मांडून ठेवला होता. महाराजांनी एक पिन पंजात धरली, उलटसुलट केली आणि "एवढंच?" म्हणाले. तेवढ्यात त्यांची नजर लेथच्या मागे गेली. तिथे कापलेल्या लोखंडाचा कीस पडला होता. चकचकीत, कुरळा, ढीगभर. हे काय आहे, असं महाराजांनी विचारलं. मास्तर "केर" म्हणणार होते, पण कोल्हेसाहेब चपळ.

"हेच तर काम, महाराज," ते म्हणाले. "ती पिन म्हणजे काम संपल्यावर जे उरलं ते."

महाराजांना हे एकदम पटलं. पिन बघायला वाकावं लागत होतं. ढीग उभ्या उभ्या दिसत होता.

आठवड्याभरात फर्मान निघालं. यापुढे प्रत्येक वर्कशॉपचं काम किसाच्या ढिगावर मोजलं जाईल. वार्षिक पाहणीला सरकारी हत्ती येईल. ज्याचा ढीग हत्तीच्या गुडघ्याला लागणार नाही, त्या फोरमनची बदली मुंग्यांच्या गणतीवर होईल. मुंग्या मोजायच्या, खायच्या नाहीत. खवले मांजराला याहून मोठी शिक्षा जंगलाच्या कायद्यात नव्हती.

मास्तरांची झोप उडाली. बाकीची मंडळी मात्र झटपट शहाणी झाली. पूर्वी रानडुक्कर सालं बारीक तुटतील असं टूल घासायचं. लांब सालं हाताभोवती गुंडाळली जातात, हात कापतात. आता ते मुद्दाम लांबच लांब, कुरळी सालं काढू लागलं, कारण ती फुगून बसतात आणि मूठभर लोखंड पोतंभर दिसतं. कापताना टूल थंड ठेवायला जॉबवर सोडायचं पांढरं पाणीही बंद झालं. ओला कीस खाली बसतो ना. टुलं तापून निळी पडली, जळाली. जळालेली टुलं ढिगात टाकली. तेवढीच उंची.

सुतारपक्षी दिसेल तिथे भोकं पाडू लागला. भोकं कशासाठी, असं मास्तरांनी विचारलं, तर तेल सोडायला, म्हणाला. तेल कशासाठी, तर भोकं आहेत म्हणून.

वाईट अवस्था झाली मुंगसाची. ग्राइंडरचा कीस म्हणजे नुसती भुकटी, वाऱ्यावर उडून जायची. त्याचं नाव कामचुकारांच्या फळ्यावर लागलं. बिचारं आडोशाला जाऊन रडलं. मास्तरांनी त्याची समजूत काढली आणि त्याला रानडुकराच्या हाताखाली सालं फुगवायला बसवलं.

कापायला लोखंड कमी पडू लागलं तेव्हा तयार पिना, बोल्ट, चाकं परत लेथवर चढली आणि त्यांचाही कीस झाला. पाठवायचा मालच उरला नाही. पण मालाबद्दल कुणी विचारतही नव्हतं.

अशात डोंगरावरून गवा आला. वरच्या विहिरीचा रहाट हा गवा ओढायचा. डोंगरावर राहणाऱ्या सगळ्यांचं पाणी त्या रहाटावर. मास्तरांचं घरही तिथेच, मास्तरीणबाई आणि लहानगी लेक तिथेच. गव्याने सांगितलं की रहाट ज्यावर फिरतो तो आस तडकला आहे. आज मोडेल, उद्या मोडेल. उन्हाळा तोंडावर आहे. हे सांगून त्याने पाठीवरून एक पोलादी दांडा खाली ठेवला. जंगलात असा दांडा हा एकच होता.

मास्तरांनी माप घेतलं. दोन्ही टोकं थोडी कातायची, चाक अडकवायला एक खाच पाडायची, झाला आस. ओंजळभर कीस निघाला असता.

पण दुसऱ्या दिवशी पाहणी होती. ढीग गुडघ्याला वीतभर कमी होता. आणि कापायला वर्कशॉपमध्ये दुसरं काहीही शिल्लक नव्हतं.

"मास्तर, जरासा जास्त सोलू का?" रानडुक्कर म्हणालं. "पोलाद आहे. काय होतंय त्याला."

मास्तरांना डोळ्यांपुढे मुंग्यांची रांग दिसली. हातभर अंतरावरून चाललेली, आणि आपण नुसते बघतोय.

"एकच कट घे," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर एका कटाने त्या आसाचं काही बिघडलं नसतं. असल्या गोष्टी नेहमी अशाच सुरू होतात. मग सुतारपक्षी म्हणाला, माझंही नाव राहू दे, आणि त्याने ओळीने भोकं पाडली. मग मुंगूस डोळे पुसत आलं. त्याला नाही कसं म्हणायचं? मग पुन्हा रानडुक्कर. मास्तर बाजूलाच उभे होते. माप घ्यायचं साधन त्यांच्या हातातच होतं, पण ते जॉबला लावायचा त्यांना धीर होईना.

पाहणी थाटात झाली. ढीग हत्तीच्या गुडघ्याच्याही वर गेला. हत्तीला गुदगुल्या झाल्या. टेबलावर दाभणाएवढी एक काडी पडली होती. महाराजांनी ती उचलली आणि दातात अडकलेला घास काढला. कोल्हेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. असलं भंगार पाहणीच्या दिवशी समोर कशाला ठेवता, असं त्यांनी मास्तरांना सुनावलं आणि ती काडी बाहेर फेकून दिली.

त्याच दुपारी रहाट बंद पडला.

एवढा ढीग सगळ्यांना दिसला पाहिजे म्हणून तो वाजतगाजत डोंगरावर नेला आणि विहिरीशेजारी रचला. तिथेच मास्तरांचा सत्कार ठरला. उन्हात ढीग असा काही चमकत होता की महाराजांना तो गुहेतून दिसला. डोंगरावर पाणीच पाणी आहे, असं ते म्हणाले, आणि डोंगरावर निघालेल्या पाण्याच्या गाड्या अर्ध्या वाटेवरून परत फिरवल्या.

सत्काराला डोंगरावरचे सगळे जमले होते. घसे कोरडे, तरी टाळ्या वाजवत होते. महाराजांनी मास्तरांच्या गळ्यात हार घातला. मास्तरीणबाई रिकामी घागर घेऊन मागे उभ्या होत्या. खवले मांजराची पोरं आईच्या शेपटीवर बसून फिरतात, तशी लेक त्यांच्या शेपटीवर बसली होती. दोन दिवस तिला पोटभर पाणी मिळालं नव्हतं. तिने समोर ते चमकणारं पाहिलं. हळूच उतरली, ढिगापाशी गेली, आणि आपली लांब जीभ बाहेर काढून तिने ती त्यात घातली.

ती किंचाळली. जीभ परत आली ती रक्ताने लाल होऊन.

मास्तरांनी ते पाहिलं. त्यांना लाज वाटली. ती आतून जाळत गेली.

"हे पाणी नाही," ते कसेबसे म्हणाले. "हे काम पण नाही."

कोल्हेसाहेबांनी मान वळवली. "काय म्हणालात, मास्तर?"

मास्तरांनी अंगाचं वेटोळं केलं. तोंड आत, पाय आत, हारही आत. बाहेर फक्त खवले.

"केवढा हा विनय," वाघमहाराज म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

मास्तरीणबाईंनी लेकीला उचलून शेपटीवर बसवलं, घागर घेतली आणि लांबच्या नदीची वाट धरली. त्यांनी मास्तरांना हाक मारली नाही. मास्तर आता मोठे साहेब आहेत. कीस फुगवावा कसा, हे ते इतर वर्कशॉपना शिकवत हिंडतात.

तात्पर्य: मुलांनो, मोजमाप अवश्य करावं, पण ते ढिगाचं, वस्तूचं नव्हे. वस्तू कधी ना कधी वापरायला काढतात आणि तिथे ती उघडी पडते. ढीग नुसता लांबून बघायचा असतो. आणि तहान लागली तर बाबांना हाक मारू नका. त्यांचा सत्कार चालू असतो.