दीड इंच सैल

"खिडक्यांचं माप घ्यायला पडद्यांच्या दुकानातून माणूस येईल," बायको म्हणाली.

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. "कुणाच्या खिडक्यांचं?"

"आपल्या."

"म्हणजे मी धडधाकट असताना माझ्या घरात परका माणूस येऊन टेप लावणार?"

"अहो, ते फुकट करतात."

"तेच म्हणतो मी. फुकट घेतलेल्या मापाला काय अर्थ असतो?"

बायकोने पुढे वाद घातला नाही. बत्तीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलेल्या माणसासमोर मापाचा विषय काढणं म्हणजे आचाऱ्याला मीठ किती घालायचं ते सांगणं. मास्तरांच्या हातून आजवर एकही कपडा तंग झाला नव्हता. सैल झाले असतील, पण सैल कपड्याची तक्रार घेऊन कुणी येत नाही. माणूस आपण बारीक झालो असं समजून खूश होतो.

प्रश्न साध्या खिडक्यांचा नव्हता. त्या सासूबाईंच्या खोलीतल्या होत्या. गेल्या हिवाळ्यात सासूबाई चार महिने राहायला म्हणून आल्या आणि पाचव्या दिवशी सकाळी बॅग भरून दारात उभ्या राहिल्या. "खिडकीतून वारा लागतो," एवढंच म्हणाल्या. ते चार दिवस शाल पांघरून, हात मांडीवर ठेवून त्या पलंगावर बसून होत्या. त्या गेल्यावर बायको आठवडाभर घरात गप्प गप्प वावरत होती. यंदा महामुश्किलीने "येऊन बघते" असं कबूल करून घेतलं होतं. महिन्याभराने, एका रविवारी येणार होत्या.

"खोली गार वाटली तर आई पुन्हा पाऊल टाकायची नाही," बायको म्हणाली. "ऐंशी वय आहे तिचं. तिकडे एकटी असते. मला रात्री झोप लागत नाही हो."

हे ती हळू आवाजात म्हणाली, म्हणून मास्तरांनी मनावर घेतलं.

पडद्यांच्या दुकानातली ताई हसतमुख होती. तिने एक पडदा हातभर ओढून आडवा धरला. कडेने पाहिलं की मधाच्या पोळ्यासारखे कप्पेच कप्पे दिसत होते.

"हे बघा काका, या कप्प्यांमध्ये हवा अडकते. ती हवा बाहेरची थंडी आत येऊ देत नाही."

"म्हणजे तुम्ही हवा विकता."

"यात एकपदरी आणि दुपदरी असे दोन प्रकार आहेत."

"हवेत?"

"कप्प्यांत, काका."

बायकोने दुपदरी निवडला. मग रंगांचा ढीग समोर आला. मोतिया, हस्तिदंती आणि सायीचा. मास्तरांच्या मते तिन्ही पांढरे होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनी कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं आणि वैद्याने नाडी सोडावी तसं सोडलं. "जीव नाही कापडात. धुतल्यावर आटेल."

"हे धुवायचं नसतं, काका."

"मग मळलं की?"

"फडक्याने हलकेच पुसायचं."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको हस्तिदंतीकडे पाहत होती.

निघताना ताईने कागद पुढे केला. "चौकटीच्या आतलं माप द्या. जेवढं भरेल तेवढंच लिहा. बसायला जी मोकळीक लागते ती कारखान्यात वजा करतात. तुम्ही काहीसुद्धा करू नका."

काहीसुद्धा करू नका हे वाक्य कोणत्याही कारागिराच्या कानात शिरत नाही. वाटेतच गळून पडतं.

घरी येऊन मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि खिडकीला लावला. दोन्ही खिडक्या जुळ्या बहिणी. साडेअडतीस इंच. मोठ्याने म्हणालेही, "साडेअडतीस." आणि कागदावर लिहिलं, चाळीस.

यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. टेप अंगाला लागला की गिऱ्हाईक पोट आत ओढतं, छाती फुगवतं, श्वास रोखतं. त्यामुळे भरेल ते माप लिहायचं नसतं, वर दीड इंच धरायचं असतं, हा बत्तीस वर्षांचा शिरस्ता होता. खिडकी पोट आत ओढत नाही हे मास्तरांना ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं.

त्या रविवारच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी दुपारी दोन लांबलचक खोकी आली. बायको दातांच्या दवाखान्यात काम करायची, ती संध्याकाळी येणार होती. तिला येताच दोन्ही पडदे लागलेले दिसावेत म्हणून मास्तर उत्साहाने स्टुलावर चढले. पडदा चौकटीत जाईना. उजवी बाजू बसवली की डावी बाहेर, डावी बसवली की उजवी. तिरका करून घातला तर तिरकाच अडकला, आणि तो काढताना मास्तर स्टुलावरून जवळजवळ पलंगावरच आले.

त्यांनी दुकानात फोन लावला. "तुमच्या कारखान्याने माप चुकवलंय."

"एक मिनिट हं, काका." कागदांची सळसळ झाली. "चाळीस लिहिलंय. अक्षर तुमचंच आहे. खाली सहीपण आहे."

मास्तरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हातानेच दगा दिलाय हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"नवीन करून द्यायला तीन आठवडे लागतील," ताई म्हणाली. "पण काळजी कशाला करता? चौकटीच्या बाहेर, भिंतीवर लावा ना. कडेच्या फटीपण झाकल्या जातील."

"बाहेर?" मास्तरांचा आवाज चढला. "कोट मोठा झाला तर गिऱ्हाइकाला मी तो दुसऱ्या कोटावरून घालायला सांगतो का?"

"तसं नाही, काका..."

"अल्टर करतो मी. घरचंच काम आहे."

"अहो काका, ते कापायचं नस..."

पण फोन ठेवला गेला होता.

बाहेरून पडदा लावणं म्हणजे दीड इंचाची चूक भिंतीवर टांगून ठेवणं. आणि तीही कुणापुढे? सासूबाईंनी चौतीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं होतं. लग्नात त्यांनी जावयाचं पहिलं कौतुक काय केलं असेल, तर कोटाची बाही उलटी करून आतली शिवण पाहिली होती आणि "हं" म्हणाल्या होत्या. तो "हं" मास्तरांना सव्वीस वर्षांत पचला नव्हता.

त्यांनी एक पडदा खांद्यावर टाकला आणि खालच्या मजल्यावरच्या आपल्या दुकानात नेला. वरची आणि खालची पट्टी करवतीने कापली. कापड मोठ्या कात्रीने एका रेषेत उतरवलं. काम इतकं सुबक झालं की मास्तर स्वतःशीच म्हणाले, "कारखाने बंद पडतील."

मग त्यांची नजर कडेवर गेली. कप्प्यांची तोंडं उघडी! ती मुळातच उघडी असतात, दुसऱ्या पडद्याचीही होती, पण मास्तरांनी दुसरा पडदा पाहिला नाही. उघडी कड समोर असताना त्यांना दुसरं काही दिसत नसे. त्यांनी दोन्ही कडांना ओव्हरलॉक मारून तोंडं बंद केली. वरून एक पक्की टीप घातली.

आता पडदा मिटेना. कडा शिवल्या गेल्यामुळे मधला भाग फुगून बसला होता, आणि आतली बारीक दोरी टिपेत सापडल्याने तो वरही जाईना. मास्तरांनी चष्मा सरळ केला. फुगवटा आला की शिंपी काय करतो? ओलं फडकं टाकलं आणि इस्त्री फिरवली.

फुस्स असा आवाज झाला. ताईने विकलेली हवा एका दमात निघून गेली. मास्तरांना समाधान वाटलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत शेवटची घडीसुद्धा मोडून काढली, आणि वर नेऊन चौकटीत लावला तर पडदा जमिनीवर लोळू लागला, कारण लांबी सगळी घड्यांत दडलेली होती. मग काय, खालून हातभर दुमडून पायजम्यासारखी पट्टी घातली.

संध्याकाळी बायको आली, बूट काढले, खोलीच्या दारात थांबली.

"अहो, इथे चादर का वाळत घातलीत?"

"पडदा आहे तो."

"कोणता?"

"मधाच्या पोळ्याचा."

"मध कुठे गेला? पोळं कुठे गेलं?" तिने जवळ जाऊन बोट लावलं. पडदा गार होता. मग दुसरं खोकं पाहिलं, चौकट पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला. "किती लिहिलं होतंत?"

"चाळीस."

"आणि खिडकी?"

मास्तर म्हणाले, "खिडकी साडेअडतीस आहे. पण ती खिडकीची चूक नाही."

ती मटकन पलंगावर बसली. आधी हसायला आलं, मग डोळे भरून आले, आणि दोन्ही एकदम होत असल्याने तिला नीट रागावताही येईना. "परवा येतेय आई. अर्ध्या खोलीत वारा येणार. चार दिवसांत जाईल ती."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"काय बोलणार? चौतीस वर्षं शिवण शिकवलेल्या बाईला तुम्ही काय सांगणार?"

बायकोने ताईला फोन केला, नीट ऐकून घेतलं, ड्रिल काढलं आणि दुसरा पडदा चौकटीबाहेर भिंतीवर लावून टाकला. झकास बसला. मास्तर खालून स्टूल धरून उभे होते. एवढंच काम त्यांच्यावर सोपवण्यात आलं होतं.

रविवारी सासूबाई आल्या. शाल, काठी, बॅग. बॅग लहान होती. बायकोने ती उचलून पाहिली आणि नवऱ्याकडे बघितलं.

"बुधवारी निघेन म्हणते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आधी खोली तर बघ! खास पडदे आणलेत. उबदार आहेत."

सासूबाई खोलीत आल्या. भिंतीवरच्या पडद्याकडे एक नजर टाकली. "ठीक आहे." मग दुसऱ्या खिडकीकडे वळल्या आणि थांबल्या. काठी पलंगाला टेकवली. कनवटीला हात घालून चष्मा काढला. मास्तर दाराआड सरकले.

"हे कुणी केलं?"

बायकोची नजर दाराकडे गेली.

"जावईबापू, दाराआडून तुमचे पाय दिसतायत."

मास्तर पुढे झाले.

"या कडेला ओव्हरलॉक का मारलंय?"

"उघडी होती."

"ती उघडीच असायची. तो पडदा बघा की! आणि ही टीप? दोरीवरून घातलीत? डोळे मिटून शिवता का?" सासूबाईंनी पडदा उलटा केला. त्यांच्या गालांवर रंग चढत होता. "आणि अगं बाई... यावर इस्त्री फिरवलीत?"

"ओलं फडकं टाकून," मास्तर म्हणाले. तेवढीच एक बाजू त्यांच्याकडे उरली होती.

"माझ्या सातवीतल्या मुलींनी असं केलं असतं तर बाकावर उभं केलं असतं!" त्यांनी शाल काढून पलंगावर फेकली. "काढा हा. खाली उतरवा. उसवायची सुई आहे ना दुकानात? बारीक टोकाची आणा, तुमच्या त्या कात्र्या नकोत. एकेक टाका सुटा करावा लागेल. मग घड्या परत पाडायच्या, बोटांनी, एकेक कप्पा. किती कप्पे आहेत?"

"मोजले नाहीत," मास्तर म्हणाले.

"मोजण्याचं तुम्ही नावच काढू नका."

बायकोने जपून विचारलं, "आई, बुधवारपर्यंत होईल?"

"बुधवार? वेड लागलंय का तुला? दोन महिने कुठे गेले नाहीत. घाईत केलं तर यांच्यासारखं होईल." त्या खिडकीजवळ खुर्ची ओढून बसल्या. "आणि तो दुसरापण काढून द्या. घडी कशी आहे ते समोर बघायला लागेल मला."

"अगं, तो काढला तर खोलीत वारा..."

"उजेड येईल. उजेडाशिवाय उसवतात का?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने ड्रिल आणलं. या खेपेला स्टूल तिने धरलं आणि धरता धरता नवऱ्याच्या पायाला हळूच चिमटा काढला.

सासूबाई मार्चअखेरपर्यंत राहिल्या. त्या हिवाळ्यात त्या घरात दोघंजण स्वेटरवर स्वेटर चढवून फिरत होती, आणि जिच्यासाठी पडदे आणले ती बाई दोन उघड्याबोडक्या खिडक्यांच्या मध्ये, बाह्या कोपरापर्यंत सारून, जावयाची शिवण उसवत बसली होती.