ओळ किती आत न्यावी याविषयी

माणसाची पारख बोलण्यावरून होते आणि प्रोग्रॅमची डाव्या समासावरून. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या त्या संगणक प्रयोगशाळेत हे सर्वांना मान्य होतं. १९७८ साली तिथे सर्वांना मान्य असलेली ती एकमेव गोष्ट होती.

विनिफ्रेड हॅस्केल तिथे तीन महिन्यांच्या बोलीवर आली होती. त्याआधी ती मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवायची (शाळेने लॅटिन बंद केलं; मुलींनी ते आधीच केलं होतं). काम एकच: प्रोग्रॅम टाइप करायचा एडिटर लिस्प नावाच्या संगणकभाषेच्या ओळी आपोआप किती आत सरकवतो, ते कागदावर उतरवणं. जमलं तर नोकरी कायम, नाही तर चंबूगबाळं आवरून वूस्टरला बहिणीच्या दारात. बहीण आताच खोली रिकामी करून बसली होती.

लिस्पबद्दल एवढंच कळलं तरी पुरे, की ती कंसांची भाषा आहे (कंसाच्या पोटात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस, आणि शेवटी बारा बंद कंस रांगेत उभे. ते मोजत बसणं प्रयोगशाळेत कमीपणाचं मानलं जाई. शहाणा माणूस टॅबची कळ दाबी. एडिटर कंस मोजून ओळ हवी तेवढी आत नेई आणि माणूस नुसता समास बघून मान डोलवी. मोजायचं यंत्राने, विश्वास ठेवायचा माणसाने, अशी रास्त वाटणी होती.

विनिफ्रेडने ही सोय लिहिणाऱ्या लेलंड प्रुइटला गाठलं. तो कालचं चाउमीन थंडच खात होता.

"ओळ किती आत जायची, हे ठरतं कसं?"

"टॅब दाबायचं. जाईल ते बरोबर."

"आणि बरोबर म्हणजे किती?"

"जाईल तेवढं. बाई, लॅटिनमध्ये पण एवढे प्रश्न विचारता का हो?"

"तिथे उत्तरं देणारे मेलेत. तुम्ही जिवंत आहात म्हणून विचारतेय."

दोन महिने खोदकाम करून तिने शोधून काढलं ते असं: नियम तीन, अपवाद एकेचाळीस, अपवादांचे अपवाद सहा, आणि एक कलम प्रुइटला बघायला बरं वाटतं म्हणून. पुस्तिका बासष्ट पानांची झाली. तिच्यावर अकरा जणांनी सह्या केल्या (सर्वांत सखोल परीक्षण चार मिनिटं चाललं).

मग रिवाजाप्रमाणे तिने तो मजकूर प्रोग्रॅमच्याच पोटात, ज्या त्या भागाच्या डोक्यावर टाइप केला. कंसातल्या शेऱ्यांची तिला भारी हौस. त्यांतले काही नेमके ओळीच्या आरंभी पडले. एडिटरची मात्र एक श्रद्धा होती, जी प्रुइटने कुणाला सांगितली नव्हती: समासाला चिकटून उघडा कंस दिसला, की तिथून प्रोग्रॅमचा नवा भाग सुरू होतो, मग तो कंस नुसत्या शेऱ्याचा का असेना.

सोमवारी सात जणांनी टॅब दाबलं आणि सगळा प्रोग्रॅम वाकडातिकडा झाला. वाकडा दिसतो म्हणजे चुकलाच आहे, असं एकमत होऊन त्यांनी चांगला चालणारा प्रोग्रॅम तीन दिवस दुरुस्त केला. गुरुवारी तो इतका देखणा झाला की वरच्या मजल्यावरचे लोक बघायला आले. फक्त तो चालेना.

संचालक लिंडक्विस्ट यांनी विनिफ्रेडला बोलावलं. तिच्या डोळ्यांपुढे बहिणीची ती खोली उभी राहिली.

"बाई, तुमच्या कंसांनी आमचे तीन दिवस खाल्ले."

"तुमच्याकडे कंस मोजणारं कुणी नाही, म्हणून खाल्ले. माझ्या पुस्तिकेत मी एक कंस उघडलाय आणि मिटलेलाच नाही. मुद्दाम. कोण वाचतंय ते बघायला. अकरा सह्या आहेत ना? दाखवा तो कंस."

"छे! समास तर सरळ आहे!" दारात उभा असलेला प्रुइट ओरडला.

दुपारच्या जेवणापर्यंत आठ जण शोधत होते. प्रुइटने एक पान टाइप करून टॅबसुद्धा दाबून पाहिलं. शेवटी विनिफ्रेडने चाळिसाव्या पानावर, लॅटिनच्या वह्या तपासायची तसं, बोट ठेवलं. त्याच संध्याकाळी तिची नोकरी कायम झाली (हुद्दा: कंस मोजणे). तिला इतका आनंद झाला की जिना उतरताना ती चक्क गात होती.

हसा, वाचकहो, खुशाल हसा. फक्त, या गोष्टीच्या तिसऱ्या परिच्छेदात जो कंस उघडला, तो अजून मिटलेला नाही. परिच्छेद सरळ होते, म्हणून तुम्ही मान डोलवत पुढे आलात. तेव्हा या घटकेला तुम्हीही त्याच्या आतच बसला आहात.