भोंग्याचं उष्टावण

एका जंगलात, जिथे पानसुद्धा गळण्याआधी वर बघून परवानगी मागायचं, पवळा नावाची हत्तीण राहत होती. तिला भोंग्या नावाचं एक पिल्लू होतं. नाव असं का, ते त्याचा आवाज एकदा ऐकलात की विचारणार नाही.

बाळांनो, तोंड वाकडं करायचं असेल तर आत्ताच करून घ्या, मध्ये थांबायला मला सवड नाही. हत्तीचं पिल्लू दुधावरून गवतावर यायला लागलं, की आईची ताजी लीद खातं. चांगली सोंडेने चिवडून खातं. त्या लिदीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते पिल्लाच्या पोटात जाऊन बिऱ्हाड करतात आणि गवत पचवून देतात. तुमचं उष्टावण खिरीने झालं, त्यांचं लिदीने होतं. ज्याची त्याची रीत.

भोंग्याच्या उष्टावणाचा दिवस ठरला, आणि नेमकं त्याच आठवड्यात जंगलाला आरोग्यमंत्री मिळाले. बगळे होते ते, नाव शुभ्रराव. अंगावर एक डाग नाही. हा गृहस्थ जन्मभर म्हशीच्या पाठीवर बसून गोचिडी खात आला होता, पण तो त्याचा खाजगी प्रश्न होता. मंत्री झाल्यावर त्याने पहिलंच फर्मान काढलं, की आजपासून कोणीही कोणाची लीद खायची नाही.

पवळा धावत गेली. "साहेब, मग माझं लेकरू गवत पचवणार कसं?"

"चावून," शुभ्रराव म्हणाले. "एक घास बत्तीस वेळा."

"साहेब, आम्हाला एका वेळी दाढाच चार असतात."

"मग प्रत्येक दाढेने आठ वेळा. बाई, हिशेब सोपा आहे."

प्रत्येक लेकुरवाळीच्या मागे, तशी पवळाच्याही मागे, दोन माकडं टोपल्या घेऊन नेमली गेली. लीद पडली रे पडली, की उचलायची आणि नदीपलीकडे टाकायची. हत्तीण दिवसातून किती वेळा ते काम करते, हे माकडांना आधी कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दोघांनी बदली मागितली, ती मिळाली नाही.

इकडे भोंग्या गवत खाऊ लागला. पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि बरगड्या दिसायला लागल्या. आईचं दूध आटत चाललं होतं. भरल्या पोटी पोर उपाशी मरत होतं, आणि औषध आईच्या जवळच होतं. पवळाला रडूसुद्धा येईना, इतकी ती चिडली होती.

अशात सूक्ष्मजीव संशोधन मंडळाचे अध्यक्ष, डॉक्टर टोकेकर नावाचे साळिंदर, दवबिंदूतून वाकून बघता बघता एक शोध लावून बसले. ते थेट दरबारात आले.

"महाराज, आपल्या पोटात कोट्यवधी जीव राहतात."

सिंह ताडकन उठला. "कोणाच्या परवानगीने?"

"महाराज, ते मित्र आहेत. मातीतले झाडं वाढवतात, डबक्यातले पाणी निवळवतात, पोटातले अन्न पचवतात."

"म्हणजे मी जेवतो तेव्हा ते कोट्यवधी जेवतात?"

"होय, महाराज."

"लिहून घ्या," सिंह प्रधानाला म्हणाला. "महाराजांचं रोजचं अन्नदान."

मग काय विचारता. सगळ्या जंगलाला सूक्ष्मजीवांचं वेड लागलं. कोल्हा सकाळी उठून आपल्या पोटाला "काय मंडळी, झोप झाली का?" असं विचारू लागला. अस्वल जेवणाआधी पोटात मतदान घ्यायचं, आणि दर वेळी मध बहुमताने निवडून यायचा. हरणं तर तळ्यातलं पाणी पिण्याआधी आतल्यांची क्षमा मागू लागली.

पवळा टोकेकरांकडे गेली. "डॉक्टर, तुम्ही म्हणता ते जीव माझ्या लिदीत आहेत. आता तरी देऊ का पोराला?"

"थांबा बाई. कोणाची लीद सर्वांत गुणकारी, हे अजून सिद्ध व्हायचंय."

"तोवर पोर टिकायचं नाही."

"म्हणूनच घाई करतोय. फक्त तीन समित्या ठेवल्यात."

सत्तेचाळीस हत्तिणींचे नमुने आले. पक्षपात नको म्हणून नावं झाकली. तिन्ही समित्यांनी नाकं दाबून तपासलं आणि एकमताने एकतीस नंबरचा नमुना निवडला. नाव उघडलं, तर पवळा.

"म्हणजे आता देऊ?" पवळा म्हणाली.

"आता गोळी करायची," टोकेकर म्हणाले.

गोळी करण्याआधी लीद शुभ्ररावांच्या नजरेखालून गेली. न धुता एक कणही बाहेर जाणार नाही, असं ते म्हणाले. मग ती सात पाण्यांनी धुतली, गरम झऱ्यात उकळली, तीन दिवस उन्हात वाळवली. एवढी स्वच्छ लीद जगात कुठे झाली नसेल. तिच्यात जिवंत असं काहीच उरलं नव्हतं. भोंग्याने अशा नऊ गोळ्या घेतल्या आणि दहाव्या दिवशी तो गुडघ्यावर बसला.

त्याच दिवशी पवळाचा सत्कार होता, नमुना पहिला आला म्हणून. शाल, श्रीफळ, सगळं होतं. पोराला टाकून कशी जाणार? तिने त्याला सोंडेने ढकलत ढकलत व्यासपीठावर आणलं. टोपलीवाली माकडं पाहुण्यांच्या रांगेत बसली होती. शुभ्रराव स्वच्छतेवर बोलायला उभे राहिले, आणि बोलतच राहिले. भोंग्याने डोळे मिटले.

पवळाने मग पुढचा मागचा विचार केला नाही. तिने भोंग्याकडे पाठ फिरवली आणि भर व्यासपीठावर जे करायचं ते केलं. भरपूर केलं.

भोंग्याच्या सोंडेला वास लागला. तो सरपटत गेला आणि खाऊ लागला.

"हे काय चाललंय?" सिंह गरजला.

टोकेकरांनी पवळाकडे पाहिलं. "गोळीचं प्रात्यक्षिक आहे, महाराज," ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

आठवड्याभरात भोंग्याचं पोट मोकळं झालं. त्या वेळी जो आवाज झाला, त्याने तीन घरट्यांतले पक्षी उडाले. मग त्याने अर्धं बांबूचं बेट फस्त केलं, आणि पवळा इतकी नाचली की खाली मुंग्यांना घरं बदलावी लागली.

शुभ्ररावांनी जाहीर केलं, की गोळीला गुण आला. आता ती प्रत्येक पिल्लाला मिळणार. पाच कळपांतली पिल्लं पोट फुगून पडली होती. त्यांच्या आया पवळाकडे बघू लागल्या.

टोकेकर शुभ्ररावांना घेऊन अहवालावर तिच्या पायाचा ठसा घ्यायला आले. "बाई, अहवालात लिहावं लागतं म्हणून विचारतो, गोळीखेरीज आणखी काही दिलंत का?"

खरं सांगितलं तर टोपल्या आणखी वाढणार. पवळा म्हणाली, "छे हो. गोळीच. फक्त कागदावर एवढं लिहा, की गोळी दिल्यावर आईने पिल्लाकडे पाठ करून उभं राहायचं, आणि घटकाभर माकडांनी नदीकडे तोंड करून बसायचं."

"ते कशाला?" शुभ्ररावांनी विचारलं.

"त्याशिवाय गोळी लागू पडत नाही, साहेब."

टोकेकरांनी मान खाली घालून ते शब्द न् शब्द लिहून घेतलं. शुभ्ररावांनी शिक्का मारला.

तात्पर्य : औषधाला गुण यावा असं वाटत असेल, तर आईला नीट खोटं बोलता आलं पाहिजे. बाळांनो, तुम्ही मात्र नेहमी खरं बोला. तुम्हाला अजून कोणाला जगवायचं नाही.