कणगीतला गवई

लखमादादा गातो तेव्हा त्याचं डोकं दिसत नाही. ते कणगीत असतं. नागली साठवायच्या बांबूच्या रिकाम्या कणगीत टेपरेकॉर्डर ठेवायचा, मग वाकून डोकं आत घालायचं आणि गायचं, ही त्याची पद्धत. बाहेर दिसतात ते दोन पाय आणि ताल धरणारी टाच.

गाणं झालं की कॅसेट आठ दिवस नागलीत पुरायची. "कच्चा आवाज आयकू नये गुरुजी, पोटात दुखतं." मी खोडाळ्याच्या शाळेतला शिक्षक, पेटीच्या सुरांवर वाढलेला. पोशेऱ्याला त्याच्या अंगणात पिकलेल्या कॅसेटी ऐकल्या आणि माझे कान उघडले. हे उपकार मी विसरणार नाही. माझं लाडकं गाणं त्याच्या हरवलेल्या कोयत्याचं. त्यात खरखर, बकरी, आणि मध्येच त्याची बायको जानकी ओरडते, "ऊठ रं! कोंबड्या भात खातात!" पुन्हा गा म्हटलं तर ऐकेल तर शपथ. "ती बोलली तं बोलली. तिचाही पिकल."

जानकी गेली त्याला तीन पावसाळे झाले. ती असतानाच शहरातला एक संगीतकार येऊन ही कॅसेट लॅपटॉपवर उतरवून गेला होता. जाताना दोघांच्या पाया पडला.

यंदा मोखाड्याच्या जीपमध्ये तेच गाणं! गळा एका नामांकित गायकाचा. कोयत्यासाठीची हाक तो बहुधा प्रेयसीला मारत होता. खरखर मात्र दादाचीच, आणि दर कडव्यानंतर जानकी, "ऊठ रं! कोंबड्या भात खातात!" लग्नांत पोरं त्यावरच नाचतात म्हणे. गीत-संगीत कोणाचं? 'पारंपरिक.' माझं डोकंच फिरलं.

"पारंपरिक म्हंजे?" दादाने विचारलं.

"ज्याचा करणारा कोणाला ठाऊक नाही ते."

"मंग मना विचारायचं ना. मी हितंच हाय!"

मी गाण्याच्या कंपनीला खरमरीत पत्र धाडलं. उत्तर आलं: सोबतच्या अर्जावर सही पाठवा, गाणं सगळीकडून काढून टाकतो. मी नाचतच पोशेऱ्याला गेलो.

दादाने पेन घेतलं आणि खाली ठेवलं. "सगळीकडून म्हंजे, मोबाईलमधूनबी?"

"हो तर!"

तो उठला. कणगीतून ती कॅसेट काढून त्याने माझ्यापुढे धरली. उंदरांनी फितीच्या पार चिंध्या केल्या होत्या. "पिकत ठेवली होती," एवढंच म्हणाला.

मग मला मोबाईलवर गाणं लावायला लावलं. जानकी ओरडली, तसा तो ताडकन उठला आणि हात झटकत अंगणात गेला. अंगणात ना भात होतं, ना कोंबडी. मला माझ्या पत्राची लाज वाटली.

परत येऊन तो म्हणाला, "अर्जाच्या मागं त्या शहरातल्या गाणंवाल्याला लिव गुरुजी. माझा आवाज काढलास तं काढलास. तिचा ठेवलास, लय उपकार झाले."

मी लिहिलं आणि खाली त्याचं नाव घालू लागलो. त्याने माझा हात धरला.

"लखमा नको, तो वळखायचा नाय. पारंपरिक लिव. मुक्काम पोशेरा."