बाकाचे पाय जागेवर आहेत

रजेचा मंजूर अर्ज आणि आमदारांचा लेखी प्रश्न एकाच ट्रेमधून बाईंच्या टेबलावर आले, आणि बाईंनी नेमका अर्ज आधी वाचला. त्यामुळे त्यांना मिनिटभर तरी सुख लाभलं.

बाई सार्वजनिक सोयी विभागात कक्ष अधिकारी होत्या. बागेतली बाकं, चौकातली घड्याळं आणि रस्त्यांच्या पाट्या एवढाच त्यांच्या कक्षाचा कारभार. असल्या गोष्टींवरून मंत्र्याला धारेवर धरावं असं आजवर कुठल्याही आमदाराला वाटलं नव्हतं. अधिवेशन सुरू झालं की शेजारच्या कक्षांत फायली घेऊन पळापळ व्हायची आणि बाई खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत असायच्या. म्हणून तर त्यांनी ऐन अधिवेशनात रजा मागितली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा-बायको दोघंच समुद्रावर जाणार होते. मुलगी वसतिगृहात, घराला सासरेबुवा, तिकिटं काढलेली, बॅग अर्धी भरलेली. आता मागे फिरायला जागाच नव्हती.

पण नियम असा, की ज्या कक्षाकडे लेखी प्रश्न आला, त्या कक्षात तो निकाली निघेपर्यंत कुणालाही रजा नाही.

बाईंनी प्रश्न वाचला. 'सार्वजनिक बागेतील कारंज्यासमोरचे बाक रंगकामाच्या नावाखाली काढून नेण्यात आले असून ते अद्याप परत बसविलेले नाही, हे खरे आहे काय. असल्यास, ज्येष्ठांनी टेकायचे कुठे. त्याबाबत शासनाने काय केले. नसल्यास, का नाही?'

'टेकायचे कुठे' हे दोन शब्द बाईंनी पुन्हा वाचले. हे शब्द त्या घरी रोज ऐकत होत्या. ते बाक गेल्यापासून सासरेबुवा घरीच टेकत होते, तेही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, आणि पूर्वी बागेतल्या माळ्यावर जी देखरेख चालायची ती आता सुनेवर चालत होती. "गॅस बारीक कर", "झाकण ठेव", "नळ गळतोय बघ" हे ऐकून ऐकून बाईंना ऑफिस माहेरासारखं वाटू लागलं होतं.

त्या रात्री जेवताना सासरेबुवा खुशीत होते.

"आज आमचा प्रश्न लागला," ते म्हणाले. "आमदारांनी शब्द पाळला. मजकूर मीच सांगितला होता. आता मंत्र्याची कशी गाळण उडते बघा!"

"मंत्र्याची कशाला उडेल?" नवरा ताटात बघत म्हणाला. "उडणार ती खालच्या कुणाची तरी."

बायकोचा कक्ष कोणता हे त्याला ठाऊक होतं. सासरेबुवांना मात्र सून 'सरकारात आहे' एवढंच माहीत होतं. ती सरकारात नक्की काय करते, हे विचारायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. बाईंनी सासऱ्यांना आमटी वाढली. ऑफिसातलं घरी बोलायचं नाही हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता, आणि त्याचा इतका त्रास त्यांना आजच होत होता.

दुसऱ्या दिवशी बागेच्या अभियंत्याचा अहवाल आला. 'हे खरे नाही. बाक जागेवर आहे.' बाई रोज त्या बागेवरून येत-जात असत. तिथं बाकाचे सिमेंटचे दोन पाय जमिनीतून वर आलेले होते आणि त्यांच्यामध्ये हवा होती. त्या अहवाल घेऊन उपसचिवांकडे गेल्या.

"सर, हे खोटं आहे. बाक नाहीये तिथं."

"मग खरं आहे असं लिहायचं? मंत्रीसाहेब मला जिवंत ठेवतील का?" उपसचिवांनी चष्मा पुसला. "पाय आहेत ना?"

"पाय आहेत."

"मग झालं तर. लिहा, अंशतः खरे आहे."

"बाक अंशतः कसं असेल, सर?"

"का नसेल? अर्धं बाक आहे, अर्धं नाही. आणि 'टेकायचे कुठे' याला लिहा, प्रश्न उद्भवत नाही. तुम्हाला रजेवर जायचंय ना?"

जायचं होतंच. 'अंशतः खरे आहे. बाकाचे पाय जागेवर आहेत. फळ्या रंगकामासाठी नेण्यात आल्या आहेत. उर्वरित प्रश्न उद्भवत नाही,' असं उत्तर बाईंनी लिहिलं, मंत्र्यांनी सही केली, आणि रजा परत मंजूर झाली. घरी जाऊन बाईंनी बॅगेची उरलेली बाजूही भरली.

दोनच दिवसांत उत्तराची प्रत आमदारांकडून सासरेबुवांच्या हातात पडली. त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवली.

"पाय जागेवर आहेत म्हणे! अरे, असलं उत्तर लिहिणारं गाढव कोण असेल?"

नवऱ्याला ठसका लागला. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि सासऱ्यांकडे न बघता म्हणाल्या, "ते गाढव मीच, बाबा."

सासरेबुवांनी कागदाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग पुन्हा कागदाकडे. घरात प्रथमच झाकण ठेवायला सांगणारं कुणी उरलं नाही.

"तू लिहितेस हे?"

"हो. आणि तुमचा प्रश्न आला म्हणून माझी रजा अडली होती. आता सुटलीये."

"मग मला आधी नाही का सांगायचं?" सासरेबुवा चाचरत म्हणाले. "मी आज दुसरा प्रश्न देऊन आलो की!"

दुसरा प्रश्न सकाळी टेबलावर हजर होता. 'ज्येष्ठांनी बाकाच्या पायांवर बसावे अशी शासनाची अपेक्षा आहे काय?' हा प्रश्न वाचून सगळा विभाग हसला. मंत्री हसले नाहीत. त्यांनी फायलीवर तांबड्या शाईनं 'मी स्वतः बघणार' असं लिहिलं, आणि मंत्री स्वतः काही बघणार म्हटल्यावर रजेचं नावही काढायची सोय राहिली नाही.

आता बाईंना राग आला. राग सासऱ्यांचा नव्हता. एका बाकाच्या चार फळ्या सरकारला सापडू नयेत, याचा होता. त्यांनी सरळ अभियंत्याला फोन लावला. त्यानं रंगाऱ्याचा नंबर दिला. रंगारी मोठ्या उत्साहानं बोलला.

"फळ्या? त्या तर केव्हाच रंगवून झाल्या, मॅडम. न्यायला गाडीच येईना. मग आमदारांचे सेक्रेटरी म्हणाले, आमच्याकडं लोक ताटकळत उभे राहतात, तात्पुरत्या द्या. दिल्या. हिरवा रंग आहे बघा, छान चमकतो."

संध्याकाळी बाई आमदारांच्या कार्यालयात गेल्या. बाहेरच्या खोलीत विटा रचून त्यांवर हिरव्या फळ्या मांडल्या होत्या. त्या खरोखरच चमकत होत्या. त्यांवर सासरेबुवा आणि त्यांचे बागेतले दोन दोस्त ऐसपैस बसून, बाक न मिळाल्याबद्दल सरकारला यथेच्छ शिव्या देत होते.

बाई दारातच थांबल्या. हसू दाबताना त्यांचे डोळे भरून आले. उद्या एवढंच लिहायचं होतं की, 'सदर बाक माननीय सदस्यांच्याच कार्यालयात असून तक्रारदार त्यावरच बसतात.' मंत्री खूश झाले असते, सभागृह लोळून हसलं असतं, बाईंना बढतीसुद्धा मिळाली असती. आणि सासरेबुवा बागेत पुन्हा कुणाला तोंड दाखवू शकले नसते. माणूस स्वयंपाकघरात कितीही लुडबुड करो, गावभर त्याचं हसं व्हावं एवढा काही त्याचा गुन्हा नव्हता.

त्या सेक्रेटरीच्या टेबलाजवळ गेल्या आणि अगदी हळू बोलल्या, "उद्या दुपारी मला उत्तर लिहायचंय. हे बाक कुठलं आहे तेही लिहावं लागेल. प्रश्न मागे घेतला तर लिहावं लागणार नाही."

सेक्रेटरीनं फळ्यांकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सूनबाई, तू इथं?" सासरेबुवांनी हाक मारली. "ये, बस. जागा आहे."

"नको बाबा. घरी चला, उशीर झाला."

सकाळी बाक बागेत होतं आणि प्रश्न मागे घेतल्याचं पत्र उपसचिवांच्या हातात होतं. बागेतून सासरेबुवांचा फोन आला. "बसवलं गं, बसवलं! तुझं सरकार कसं घाबरलं बघ!" बाई बरं म्हणाल्या आणि रजेचा अर्ज घेऊन उपसचिवांकडे गेल्या.

"रजा?" उपसचिव दचकले. "बाई, प्रश्न येतो काय, मागे घेतात काय! तो आमदार काहीतरी मोठं शिजवत असणार. तुमचा कक्ष आता संवेदनशील झालाय. अधिवेशन संपेपर्यंत हलायचं नाही."

"सर, प्रश्नच राहिला नाही आता."

"म्हणून तर जास्त भीती वाटते."

बाई घरी आल्या, 'अधिवेशन संपेपर्यंत रजा नाही' एवढंच म्हणाल्या आणि बॅग रिकामी करायला बसल्या. नवऱ्यानं तिकिटं रद्द करायला फोन उचलला. "थांबा जरा, रात्रीपर्यंत थांबा," असं बाई म्हणाल्या खऱ्या, पण तेही ऑफिसातल्या सवयीनंच. मग मात्र त्यांना रडू आवरेना. सासरेबुवा दाराशी आले, उभे राहिले, नळ गळत होता तरी काही बोलले नाहीत, आणि चपला घालून बाहेर पडले. रात्री उशिरा परतले. तिकिटं तेवढ्यात रद्द करायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उपसचिव स्वतः बाईंच्या टेबलाशी धावत आले. त्यांनी हातातला कागद बाईंपुढे ठेवला. 'सार्वजनिक सोयी विभागात अधिवेशनाचे निमित्त करून कक्ष अधिकाऱ्यांची मंजूर रजा पुन्हा पुन्हा रद्द केली जाते, हे खरे आहे काय. असल्यास, ती रद्द करणारे अधिकारी कोण. त्यांच्यावर कोणती कारवाई केली?'

"बाई, हे कुणी विचारायला लावलं?"

"मला काय माहीत, सर?" बाई म्हणाल्या, आणि हे खरं होतं. मजकुराची धाटणी ओळखीची होती, एवढंच.

"रद्द करणारे अधिकारी म्हणजे मीच की हो!" उपसचिवांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "याला 'हे खरे नाही' असंच उत्तर गेलं पाहिजे. आणि ते खोटं निघता कामा नये. मंत्रीसाहेब स्वतः बघणार आहेत."

"मग काय लिहू?"

"तुम्ही काही लिहू नका! तुम्ही रजेवर आहात. आत्तापासून. मी लिहितो, की संबंधित अधिकारी रजेचा उपभोग घेत आहेत. उठा, पर्स घ्या, निघा! आणि तिकडे पोचल्यावर मला एक फोटो पाठवा. समुद्र दिसला पाहिजे त्यात, पुरावा म्हणून."

बाई भर दुपारी घरी पोचल्या. सासरेबुवा टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते. सून दिसताच त्यांनी त्या कागदावर वर्तमानपत्र ओढलं.

"लवकर आलीस?"

"रजा मिळाली, बाबा. आपोआप मिळाली."

"अरे वा! आपोआप?" सासरेबुवा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सुधारलं म्हणायचं सरकार."

बाई पुढे होऊन त्यांच्या पाया पडल्या. असं त्या कधी करत नसत, त्यामुळे दोघंही अवघडले. मग बाई म्हणाल्या, "बाबा, तुम्हीसुद्धा चला ना आमच्याबरोबर. एक तिकीट काय, मिळेल."

सासरेबुवांनी वर्तमानपत्राखालचा कागद सरळ केला आणि पेनाचं टोपण काढलं.

"मला कसं जमेल, सूनबाई? अधिवेशन चालू आहे."