वासरांच्या खोक्यातल्या डॉक्टरआपा

दुबईशेजारच्या अजमानला आम्ही पाच जणं एका खोलीत राहायचो, आणि तीही अर्धी. मधल्या प्लायवूडच्या पलीकडे दुसरं कुटुंब. रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला हलवून सांगावं लागे. बाबा पाण्याचा टँकर चालवायचे. त्यातूनच मी कॉलेज केलं. आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिला मी, आणि हे सांगायला मी कधी लाजत नाही.

तेव्हा जागेच्या अडचणीबद्दल मला कुणी काही शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. मग डेअरी फार्मच्या ऑफिसात नोकरी लागली. पहिल्याच सकाळी पाहतो तर वासराच्या लाकडी खोक्यात पन्नाशीच्या एक बाई अडकलेल्या. पांढरा कोट, डोक्यावर ओढणी, गुडघे छातीशी. दोन कामगार घाम पुसत फळी उचकटत होते आणि बाई आतून शांतपणे म्हणत होत्या, "बघितलंत? वळता येत नाही."

या आमच्या गुरांच्या डॉक्टर, कुलसुम परकार. मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. फार्मवर सगळे त्यांना डॉक्टरआपा म्हणतात.

कुठलीही जागा त्या वळून मोजतात. लिफ्टमध्ये शिरल्या की आधी स्वतःभोवती एक गिरकी. आईबाबांसाठी मी फ्लॅट शोधत होतो, तेव्हा हौसेने बरोबर आल्या. एजंट पार्किंग, जिम, बाल्कनीचं पुराण सांगत होता. आपांनी त्याला बाथरूममध्ये उभं केलं आणि म्हणाल्या, "हबीबी, जरा वळून दाखव." तो वळला आणि त्याचं कोपर नळावर आपटलं. आपा म्हणाल्या, "खलास. पुढचा फ्लॅट."

या वेडाला कारण होतं. आमचा मूळ धंदा दुधाचा. नर वासरू झालं की ते मांसासाठी वाढवायचं. मोठ्या हॉटेलांना हे मांस कोवळं आणि पांढुरकं लागतं. म्हणून वासराला अरुंद खोक्यात एकट्याला ठेवायचं, म्हणजे हालचाल नको. पाजायचं ते नुसतं पावडरचं दूध. वैरणीची काडी नाही, कारण वैरणीने रक्त भरतं आणि मांस लाल होतं. पोट भरतं, पण रवंथ करायला काही नसतं. मग वासरू दिवसभर फळी चाटतं, नाहीतर हवेतच जीभ फिरवत राहतं.

मी आपांना तोंडावर विचारलं, की इथे माणसं बंकबेडवर जन्म काढतात, मग शेवटी कापायच्याच वासरांचं एवढं कशाला? वाटलं, झापतील. त्या फक्त म्हणाल्या, "ग्रॅज्युएटसाहेब, मरण माझ्या हातात नाही. त्याच्या आधीचे दिवस आहेत."

मालकांना आम्ही अरबाब म्हणतो. आपा त्यांच्याकडे सलामानंतर दुसरं वाक्य खोक्यांचंच काढायच्या. शेवटी अरबाब कंटाळले. एक शेड घ्या म्हणाले, खोके काढा, वैरण घाला. पण हॉटेलने माल नाकारला तर खोके परत येतील आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. आपा म्हणाल्या, विषय कशाला, मीच निघेन. आणि त्या बोलल्या की करतात.

खोके उघडले ती सकाळ मी विसरणार नाही. दारं सताड उघडी आणि एकही वासरू बाहेर येईना. मग एका तांबूस वासराने एक पाय पुढे टाकला, धडपडलं, उठलं, थबकलं. आणि अचानक शेपूट वर करून असं उधळलं की कामगार भिंतीला चिकटले. त्याच्या मागे सगळीच. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं, धावताना त्यांनी कुणाला पाहिलंही नव्हतं. अरबाबांनी व्हिडिओ काढायला मोबाइल वर धरला होता, पण बटण दाबायचं राहून गेलं.

पहिली चूक आपांनीच केली. त्यांच्या घरी एका मोठ्या थाळात सगळ्यांनी जेवायची रीत. एका थाळात जेवलं की माया वाढते, ही त्यांची श्रद्धा. म्हणून दूधही एकाच हौदात ओतलं. पण वासरं काही एकमेकांना 'घे ना अजून' असा आग्रह करत नाहीत. दांडगी पिऊन गेली, लेचीपेची मागे राहिली, आणि दूध ओढायची भूक न भागलेली एकमेकांचे कान, बेंब्या चोखू लागली. एकाची बेंबी पिकली. मग प्रत्येकाला वेगळी, रबरी बोंडी लावलेली बादली आली, आणि दुधापाठोपाठ वैरण.

वैरणीचं काय करायचं हे मात्र वासरांना ठाऊक नव्हतं. आपा त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि मूठभर वाळका लसूणघास स्वतः चघळू लागल्या. गंभीरपणे, जबडा आडवा फिरवत. मला हसू आवरेना. तेवढ्यात त्या तांबड्याने पुढे येऊन त्यांच्या ओठातली काडी ओढून घेतली, आणि माझं हसू तिथेच थांबलं.

पहिला ट्रक भरला त्या दिवशी आपा प्रत्येक वासराच्या मानेवरून हात फिरवत दाराशी उभ्या होत्या. रडल्या नाहीत. दुपारी रिकाम्या शेडमध्ये एकट्याच डबा उघडून बसल्या होत्या. मीही माझा डबा घेऊन गेलो. विचारलं, की इथलं सगळं बारगळलं तर लेकीकडे का नाही जात? लेकीचा अबुधाबीच्या खलिफा सिटीत मोठा व्हिला आहे, 'ममा, कम अँड स्टे' म्हणून तिचा फोन येतो, हे सगळ्या फार्मला माहीत होतं.

"जाते की," आपा म्हणाल्या. "माझ्यासाठी वेगळी खोली ठेवलीये, ऐसपैस. पण सगळे आपापल्या वेळेला, आपापल्या खोलीत जेवतात. माझा ट्रे मेड दारात ठेवून जाते." घास हातात तसाच होता. "पोट भरतं रे. पण घास तोंडात नुसता फिरत राहतो."

आईने दिलेली आमटी मी त्यांच्या भातावर वाढली. त्या जेवल्या.

पुढच्या आठवड्यात हॉटेलच्या शेफचा फोन आला. मांस गुलाबी आहे, पण चवीला सरस आहे, यापुढे असंच पाठवा. अरबाबांनी उरलेल्या शेडमधलेही खोके काढायला सांगितले.

आज आमच्या फार्मवर एकही खोका नाही. वासरं घोळक्याने राहतात, दुधाबरोबर वैरण खातात, आणि पाय पसरून आडवी झोपतात. हे डॉक्टर कुलसुम परकार यांनी केलं.